गोल गोल राणी

मागच्या शनिवारी एका मित्राच्या कॅमेऱ्याचं बिघडलेलं मेमरी कार्ड घेऊन बसलो होतो. त्यात त्याच्या बाबांचे शेवटचे फोटो. बॅकअप? अर्थातच नाही! कार्डाची कॉपी काढली आणि तिच्यावर मी स्वतः लिहिलेला रिपेअर प्रोग्रॅम मोठ्या तोऱ्यात चालवला. चहा झाला, आंघोळ झाली, जेवण झालं... पठ्ठ्या एकाच फाइलवर अडकलेला. इन्फिनिट लूप!

कार्डावर फॅट फाइलसिस्टिम होती. तिचं मूळ रूप मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये लिहिलं. कल्पना सोपी आहे. फाइलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे टेबलात पुढच्या तुकड्याचा नंबर लिहायचा, खजिन्याच्या खेळातल्या चिठ्ठ्यांसारखा. शेवटच्या चिठ्ठीवर 'संपलं'. पण एखादी चिठ्ठी बिघडून मागच्याच चिठ्ठीकडे पाठवायला लागली तर? माझा प्रोग्रॅम 'संपलं' शोधत गोल गोल फिरत बसला होता.

हे दुखणं जुनंच. युनिक्सवर आधी आयचेक, डीचेक अशी सुटी हत्यारं होती. दुरुस्तीचं डोकं माणसानं लावायचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्जमध्ये टेड कोवाल्स्की यांनी ही कामं एकत्र करून 'एफएससीके' लिहिला. लिनक्सवरचा त्याचा भाऊबंद 'ई-टू-एफएससीके' प्रत्येक डिरेक्टरीपासून आईबाप शोधत वर रूटपर्यंत चढतो. आता 'क'चा बाप 'ख' आणि 'ख'चा बाप 'क' निघाला, तर रूट कधीच येणार नाही. म्हणून २०४८ पायऱ्या चढूनही वर पोचला नाही, तर तो पहिल्यापासून सुरुवात करतो, पण या वेळी पाहिलेल्या डिरेक्टऱ्यांची नोंद ठेवत. तीच पुन्हा भेटली की दुवा तोडायचा आणि तिला लॉस्ट अँड फाउंडमध्ये टाकायचं.

मर्म इथेच आहे. बाकीचे प्रोग्रॅम डिस्कवर विश्वास ठेवतात. रिपेअर प्रोग्रॅमला बोलावतात तेच मुळी डिस्क खोटं बोलायला लागल्यावर, आणि मी मात्र तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

दुरुस्ती चार ओळींची. प्रत्येक तुकड्यामागे एक बिट, आधी पाहिलेला तुकडा परत आला की साखळी तिथेच तोडायची. फोटो बहुतेक सगळे मिळाले. साखळी तुटलेल्या फोटोत मात्र बाबांचा चेहरा नाकापर्यंतच, खाली नुसता करडा पट्टा.

मित्रानं तोही ठेवलाय.

असो. आज रविवार आहे, बॅकअप घेऊन टाका.