ऑक्टोपसचे बीळ

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात राहणारा ऑक्टोपस शिकारीचा वेळ सोडून उरलेला काळ ज्या कपारीत, खड्ड्यात किंवा रिकाम्या शिंपल्यात काढतो, ती जागा. शीर्षपाद वर्गातील या मृदुकाय प्राण्याच्या पूर्वजांना बाहेरून कवच होते. उत्क्रांतीच्या ओघात ते नाहीसे झाले. हाड नाही, कवच नाही आणि मांस मऊ, त्यामुळे वाम मासे, सील, डॉल्फिन यांना तो आयता घास ठरतो. एखाद्या किनाऱ्यावर किती ऑक्टोपस राहू शकतील, हे म्हणूनच अन्नाइतकेच आसऱ्याच्या जागांवरही अवलंबून असते.

बिळाचे तोंड अरुंद आणि आतली जागा अंगाला बेताची, अशी निवड सहसा दिसते. शरीरातला सर्वांत कठीण अवयव म्हणजे चोच. ती जिथून जाते तिथून बाकीचा देहही ओढून घेता येतो. ऑक्टोपसच्या अभ्यासक जेनिफर मेदर यांनी बर्म्युडात सामान्य ऑक्टोपसच्या (ऑक्टोपस व्हल्गॅरिस) पिल्लांचे निरीक्षण केले. ती मिळालेली जागा जशीच्या तशी वापरत नाहीत: आतली वाळू शरीरावरच्या नरसाळ्यासारख्या नळीतून पाण्याचा झोत सोडून उडवतात, नको ते दगड भुजांनी बाहेर ढकलतात आणि हवे ते आणून दाराशी रचतात. मुक्काम काही दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा. मग नवे बीळ.

खडक नसलेल्या तळावर पंचाईत होते. इंडोनेशियातील शिराळ ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाशी धरून ताठ भुजांवर डगमगत चालतो आणि वेळ आली की दोन करवंट्या जुळवून आत बसतो. 2009 मध्ये हे वर्तन शास्त्रीय नियतकालिकात नोंदले गेले. बाटल्या, डबे, तुटके नळ हेही चालतात. मात्र समुद्रात कचरा टाकणे ऑक्टोपसच्या सोयीचे आहे, असा निष्कर्ष यावरून काढू नये.

बीळ ओळखण्याची खूण म्हणजे दारातला उकिरडा. शिकार घरी आणून खाण्याच्या सवयीमुळे शिंपल्या, शंख आणि खेकड्यांच्या नांग्या तिथेच साचतात. एखादी शिंपली हातात घेतली तर तिच्यावर बारीक भोक दिसू शकते. ऑक्टोपस कानशीसारख्या जिभेने व लाळेच्या मदतीने कवच पोखरतो, आत विष सोडतो आणि शिंपले ढिले पडले की उघडतो. अभ्यासकांना हे ढीग आहाराची आयती यादी वाटतात, पण यादी अपुरी असते: खेकड्यांची हलकी कवचे प्रवाहाबरोबर निघून जातात, जड शिंपल्या राहतात.

उकिरड्यातून वस्ती कशी उभी राहू शकते, याचे गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील जर्व्हिस उपसागरात आहे. पाणबुडे मॅथ्यू लॉरेन्स यांना 2009 मध्ये तिथे साधारण 15 ते 17 मीटर खोलीवर ऑक्टोपस टेट्रिकस या जातीची बिळे दाटीने आढळली. मध्यभागी माणसाने टाकलेली, फूटभर लांबीची एक वस्तू होती. अभ्यासकांचा कयास असा: पहिल्या रहिवाशाने तिच्या आडोशाने बीळ केले आणि स्कॅलॉप खाऊन शिंपल्या बाहेर टाकल्या. नुसत्या वाळूत खड्डा ढासळतो. शिंपल्यांच्या थरात भिंती टिकतात. त्यामुळे दुसऱ्याची सोय झाली, दुसऱ्याच्या उष्ट्याने तिसऱ्याची. या जागेला ‘ऑक्टोपोलिस’ नाव पडले. जवळच सापडलेल्या दुसऱ्या वस्तीचे, ‘ऑक्टलांटिस’चे, वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

वृत्तपत्रांनी या जागांना नगरे म्हटले. तिथे शेजार आहे, शेजारधर्म नाही. चढाई करणारा प्राणी गडद होतो, अंग उंचावतो, भुजांमधले पडदे पसरतो. माघार घेणारा फिकट पडतो. दुसऱ्याला बिळातून हुसकावणे नित्याचे. 2015 व 2016 मधील चित्रणात गाळ, शिंपल्या आणि शेवाळ फेकण्याचे 102 प्रसंग टिपले गेले. काही फेकी शेजाऱ्याला लागल्या. त्या मुद्दाम होत्या का, यावर चर्चा चालू आहे.

मादीचे शेवटचे बीळ प्रसूतिगृह असते. सामान्य ऑक्टोपसची मादी लाखाच्या घरात अंडी घालते आणि ती झुबक्यांनी छताला टांगते. त्यांच्यावर ती सतत पाणी खेळवत राहते, खाणे जवळपास सोडते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातील महाकाय ऑक्टोपसची ही राखण सहा महिन्यांवर जाते.

आसऱ्याची ही ओढ कोळ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. भूमध्य समुद्रात आणि जपानमध्ये मातीची मडकी दोरीला बांधून तळाशी सोडतात. आमिष लागत नाही. ऑक्टोपस आपणहून आत बसतो आणि दोरी ओढली तरी बहुधा बाहेर येत नाही. अंडी घालायला बसलेली मादीही त्यात वर येते, हा या पद्धतीतला दोष. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळखडकांतील बिळे भाल्याने कोचून मासेमारी होते. तिथल्या आंदावादोआका गावाने 2004 मध्ये असा एक पट्टा काही महिने बंद ठेवून पाहिला. ऑक्टोपस झपाट्याने वाढत असल्याने पट्टा उघडल्यावर मोठी जनावरे हाती लागली आणि आसपासच्या गावांनीही तोच मार्ग धरला.