खत: रेघ, अक्षर आणि टपाल

उर्दूत ‘खत’ या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. खत म्हणजे रेघ. खत म्हणजे लिपी, अक्षराचं वळण. आणि खत म्हणजे पत्र. मराठीत तो गहाणखत, खरेदीखत, दस्तखत अशा कागदी शब्दांत कायमचा मुक्कामाला आला. हे तिन्ही अर्थ एकाच पाकिटात घालून पाठवणारी माणसं गेल्या शतकात दक्षिण अमेरिकेत होऊन गेली. त्या पाकिटांची किंमत त्यांना काय मोजावी लागली, ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवं.

ही माणसं दृश्यकविता करत. म्हणजे वाचायची आणि बघायचीही कविता. अक्षरांची मांडणी, त्यांचा आकार, मधली मोकळी जागा यांतून तिचा अर्थ लागतो. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. खत्तातांनी ‘बिस्मिल्लाह’ला पक्ष्याचा आकार दिला, उस्मानी सुलतानांचा तुघ्रा म्हणजे नावाचंच चित्र. विजापूरच्या इब्राहिम रोज्यात दगडी खिडक्यांची जाळीच अक्षरांची आहे, उजेड हर्फांमधून आत येतो. संस्कृत कवींनीही कमळाच्या आणि तलवारीच्या आकारात श्लोक बांधले.

दक्षिण अमेरिकेतल्या या कवींकडे मात्र दरबार नव्हता, गॅलरीवाल्यांची मेहेरबानी नव्हती. होता तो टाइपरायटर, रबरी शिक्के, कात्री, लाकडी ठसे आणि टपालाचं तिकीट. न्यूयॉर्कमध्ये रे जॉन्सन १९५० च्या दशकापासून मित्रांना अशा गोष्टी पाठवत होता. पुढे ‘टपालकला’ म्हणून हा प्रकार जगभर पसरला. त्याचे अलिखित नियम साधे होते: परीक्षक नाहीत, प्रवेश फी नाही, आलेलं काम परत जाणार नाही, आणि प्रदर्शन भरलं की भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांच्या नावांची यादी जाईल. ही यादी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात एदगार्दो आंतोनिओ विगो हा न्यायालयातला कर्मचारी होता. १९६२ पासून तो ‘दियागोनाल सेरो’ नावाचं नियतकालिक काढत असे. त्याची पानं शिवलेली नसत, सुटी असत. त्यांत लाकडी ठशांची चित्रं असत. नदीपलीकडे, उरुग्वेच्या मोंतेव्हिदिओत क्लेमेंते पादिन ‘ओव्हुम १०’ काढत होता. दोघांकडे देशोदेशींच्या कवींची पाकिटं येत. १९७४ साली पादिनने मोंतेव्हिदिओत कलाकारांनी केलेल्या पोस्टकार्डांचं प्रदर्शन भरवलं.

तोवर दिवस पालटले होते. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्कराचं राज्य होतं. उरुग्वेत १९७३ च्या जूनमध्ये आणि अर्जेंटिनात १९७६ च्या मार्चमध्ये लष्करशाही आली. १९७६ सालीच ब्राझीलच्या रेसिफे शहरात पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांनी टपालकलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं, तेही मुख्य टपाल कार्यालयात. उद्घाटन होतं न होतं तोच पोलिसांनी ते बंद पाडलं आणि दोघांना अटक केली.

पादिनवर पाळी आली ती १९७७ च्या ऑगस्टमध्ये. त्याने स्वतः तिकिटं छापली होती. दिसायला सरकारी तिकिटांसारखी, पण त्यांवर दडपशाहीचा निषेध. पाकिटावर डकवून ती देशाबाहेर जात होती. पादिनला आणि त्याचा मित्र होर्हे काराबायो याला पकडण्यात आलं. आरोप होता लष्कराच्या नीतिमत्तेची आणि लौकिकाची नालस्ती केल्याचा. हातात बंदूक असलेल्या राजवटीला बोटभर कागदाची धास्ती वाटली!

आता त्या यादीकडे येऊ. वर्षानुवर्षं कविता पाठवल्यामुळे पादिनचं नाव आणि पत्ता कितीतरी देशांतल्या लोकांच्या वहीत होता. त्यांतले बहुतेक त्याला कधी भेटलेही नव्हते. पण नेहमी येणारं पाकीट येईना, तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग पत्रं सुरू झाली, या वेळी सरकारला. अमेरिकेपासून युरोपपर्यंतच्या कलाकारांनी त्याच्या सुटकेची मागणी लावून धरली. पादिनला चार वर्षांची शिक्षा झाली होती, पण १९७९ च्या नोव्हेंबरात तो बाहेर आला. त्यानंतरही काही वर्षं त्याच्यावर पाळत होती.

पण पत्राच्या ताकदीचे गोडवे गाऊन इथेच थांबलो, तर विगोवर अन्याय होईल. १९७६ साली त्याचा मुलगा आबेल लुइस ‘बेपत्ता’ झाला. अर्जेंटिनात त्या काळी या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत असे. मुलाचं घरचं नाव होतं पालोमो. स्पॅनिशमध्ये पालोमो म्हणजे कबूतर. उर्दू शायरीतलं कबूतर निरोप घेऊन जातं, इथे कबूतरच हरवलं होतं आणि बाप त्याच्यासाठी जगभर निरोप धाडत होता. ‘पालोमोला मुक्त करा’ असा मजकूर विगोच्या टपालातून देशोदेशी गेला. पालोमो परतला नाही. १९९७ साली विगो वारला.

एकाच प्रकारची पाकिटं. एका मित्राच्या सुटकेसाठी तीच वाट कामी आली, दुसऱ्याचा मुलगा मात्र त्या वाटेने आला नाही. तरी ती पाठवणं व्यर्थ म्हणवत नाही. माणूस गायब करणाऱ्या राजवटीला आधी त्याची आठवण पुसावी लागते. हा माणूस कधी नव्हताच, असं तिला सिद्ध करायचं असतं. विगोच्या पाकिटांनी ते होऊ दिलं नाही. पालोमो नावाचा मुलगा होता, याची साक्ष अनोळखी घरांतल्या टेबलांवर जाऊन पडली.

आपल्याकडे खताला अर्धी मुलाखत म्हणतात. या लोकांसाठी ते अर्धी हमीही होतं: मी इथे आहे, माझा पत्ता हा, आणि उद्या माझं पत्र आलं नाही तर विचारा. आज निरोप क्षणात पोहोचतात आणि ओळखीची यादी हजारांत जाते. त्यातला एखादा अचानक गप्प झाला, तर ‘का’ म्हणून विचारणारे त्यात किती, हे ज्याने त्याने आपल्या यादीपुरतं मोजून बघावं.