पाषाणधूलि आणि ‘सिलिकोसिस’ या शब्दाचा अर्थसंकोच

परभणी जिल्हा हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा प्रदेश होय. गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर व जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची देवालये ही या प्रदेशातील पाषाणशिल्पाची ठळक उदाहरणे आहेत. अशा वास्तूंच्या शैलीची व कालनिर्णयाची चर्चा होते. दगड घडविताना उडालेली धूळ ज्यांच्या श्वासात गेली त्यांच्या शरीराचे काय झाले, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेत क्वचितच येतो. या उपेक्षेची कारणे सामाजिक आहेत, तसेच एक कारण भाषिकही आहे.

दगडाशी संबंधित जनांची मराठी नावे त्यांच्या कामावरून पडलेली दिसतात. ‘पाथरवट’ हा शब्द उघडच पाषाणाशी जोडलेला आहे. जात्याला टाकी लावून देणारा तो ‘टाकणकार’ किंवा ‘टकारी’. वडार समाजातही गाडी वडार, माती वडार, जाते वडार असे भेद कामानुसार पडले. म्हणजे माणसाच्या नावातच त्याचा धंदा नोंदला गेला होता. रोगाच्या नावात मात्र ही नोंद टिकली नाही.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दगड फोडणाऱ्यांच्या श्वासविकारांचे वर्णन आहे, आणि रुग्णास त्याचा धंदा विचारावा असा वैद्यांना आग्रहाचा उपदेशही आहे. पुढे १८७०च्या सुमारास व्हिस्कोंती याने ‘सिलिकोसिस’ हे नाव योजिले. त्याचे मूळ ‘गारगोटी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. नाव कारणावरून पडले होते. सिलिकेपासून होणारे सर्वच विकार त्यात सामावू शकले असते. प्रत्यक्षात ते फुप्फुसाच्या एका विकारापुरते रूढ झाले. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात, त्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

या संकोचाबाहेरचा पुरावा लवकरच पुढे आला. १९१४ साली एडिंबरोचे डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांनी त्वचा कठीण व ताठर करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या रोगाचे नऊ रुग्ण वर्णिले. त्यांपैकी पाच जण पाथरवट होते. ब्रॅमवेल यांनी धंदा अचूक हेरला, परंतु दोष दिला तो हातातील थंडगार छिन्नीला. धूळ फुप्फुसाचा शत्रू, मग त्वचेशी तिचा संबंध काय, अशीच तत्कालीन समजूत असावी. १९५३ मध्ये अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधील कोळसा-खाणकामगारांत आमवात आणि फुप्फुसातील गोलाकार गाठी यांचे साहचर्य दाखविले. १९५७ मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत स्क्लेरोडर्माची नोंद केली. सांधे, त्वचा व फुप्फुस यांना जोडणारा धागा आता धुळीकडे बोट दाखवू लागला.

या धाग्याचे स्वरूप पुढे उलगडले. श्वासातून खोल गेलेला स्फटिकरूप सिलिकेचा सूक्ष्म कण भक्षकपेशी गिळते, परंतु तो तिला पचत नाही. तिच्या आतील पाचक द्रव्यांच्या पिशव्या फुटतात, आणि दाह चेतविणारी यंत्रणा जागी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी ही पायरी स्पष्ट केली. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते. मृत पेशींतील द्रव्ये वारंवार उघडी पडत राहिल्याने काही व्यक्तींत प्रतिकारसंस्था स्वकीयालाच परके मानू लागते, असे या विकारांचे स्पष्टीकरण दिले जाते. आमवात, स्क्लेरोडर्मा, ल्युपस आणि रक्तवाहिन्यांचे काही दाहविकार यांचा सिलिकेशी संबंध आज मान्य झाला आहे. धूळ घेणाऱ्या प्रत्येकास हे रोग होतात असे नव्हे. धोका वाढतो, आणि आमवाताच्या बाबतीत धूम्रपानाने तो आणखी वाढतो.

येथे परभणीपुरता एक विवेक आवश्यक आहे. काळ्या पाषाणात मुक्त सिलिका अल्प असते. म्हणून वेल्सचे वा आफ्रिकेचे निष्कर्ष येथील खडीकामास जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आढळते. शिवाय मराठवाड्यातील मजूर आपल्या गावच्या दगडापुरता राहिलेला नाही. कामाच्या शोधात शहरांत गेल्यावर तो ग्रॅनाइट व फरशी कापतो. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. गावी परतताना तो धूळ शरीरात घेऊन येतो, धंद्याची नोंद मात्र मागे राहते.

१९४८च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळविण्याजोगा रोग ठरविला. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या संहितेच्या यादीतही ते नाव आहे. पाथरवटाचा आमवात वा स्क्लेरोडर्मा त्या यादीत नाही. विज्ञानात शब्दामागील वस्तू विस्तारली. कायद्यात शब्दाचा संकोच कायम राहिला. परिणामी आखडलेली बोटे घेऊन रुग्णालयात आलेल्या मजुराच्या कागदावर रोगाचे नाव येते, धंद्याचे येत नाही. आणि धंद्याची नोंद नाही म्हणून भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. रामाझिनीचा प्रश्न तीन शतकांनंतरही विचारावा लागतो तो यासाठीच. ‘टाकणकार’ या एका शब्दाने जे जपले, तेवढे तरी रुग्णपत्रिकेने जपावयास हवे.