सावली एक, व्याधी दोन : क्षय, कर्करोग आणि प्रतिमानिदानाचा इतिहास

प्रस्तावना :
१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि फुप्फुसातील विकृती शस्त्रक्रियेविना दिसू लागली. तथापि प्रतिमेत विकृतीची सावली दिसते, कारण नव्हे. क्षयाची गाठ व कर्करोगाची गाठ यांतील साम्य हा त्यामुळे निदानशास्त्राच्या इतिहासातील एक बिकट प्रश्न ठरला.

विवेचन :
भारतात या प्रश्नाचा इतिहास मुंबईतील परळशी निगडित आहे. तेथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९७१ मध्ये लंडन येथे प्रथम वापरलेल्या सी.टी. स्कॅनने गाठीच्या कडा स्पष्ट केल्या. परंतु क्षयगाठीची कडाही कर्करोगासारखी काटेरी असू शकते. २००२ मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिले पेट स्कॅन यंत्र आले. कर्कपेशी ग्लुकोज अधिक शोषतात, हे या तपासणीचे तत्त्व. मात्र क्षयजंतूंशी झुंजणाऱ्या दाहपेशीही ते शोषतात. परिणामी दोन्ही गाठी सारख्याच उजळतात. क्षय ओसरलेल्या देशांत विकसित झालेल्या या तंत्राचा अर्थ महाराष्ट्रात म्हणूनच वेगळ्या सावधगिरीने लावावा लागतो.

चूक दोन्ही बाजूंनी घातक आहे. औषधांनी बरा होणारा क्षयरुग्ण कर्करोगाच्या भीतीने खचतो, तर कर्करुग्णाचे मोलाचे महिने क्षयाच्या औषधांत जातात.

निष्कर्ष :
प्रतिमा संशयाची जागा दाखवते. निर्णय ऊतीच्या तुकड्याची व जंतूंची तपासणी देते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये ज्याच्या साहाय्याने क्षयजंतू दाखवला, त्या सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व आजही अबाधित आहे.