ढकलगाडीवरचं वाचनालय

इतिहासात मी कायम काठावर पास. ती उधारी आज फेडते.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी 1923 साली अमेरिकेत, अलाबामातल्या टस्कीगीला सरकारी रुग्णालय उघडलं. जानेवारी 1924 मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेममधून सेडी पीटरसन (पुढे डिलेनी) तिथे ग्रंथपाल म्हणून आल्या. हाताशी पुस्तकं जेमतेम 200. मनाने खचलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं वाचनालयात येणार कशी? मग पुस्तकांची ढकलगाडीच वॉर्डात जाऊ लागली. माणूस कोण, त्याला गोडी कशाची, डॉक्टर काय म्हणतात, हे बघून त्या पुस्तक निवडत. अंध सैनिकांना त्यांनी ब्रेल शिकवली. ‘बिब्लिओथेरपी’ हा शब्द सॅम्युएल क्रॉदर्स यांनी 1916 मध्येच ‘अटलांटिक मंथली’त वापरला होता, पण थट्टेच्या सुरात. डिलेनीबाईंनी मात्र 1958 पर्यंत, तब्बल 34 वर्षं, ते काम केलं.

हे सगळं मी शोधलं ते दोन वर्षांपूर्वी, नोकरी गेली आणि पाठोपाठ झोपही गेली तेव्हा. पुस्तक म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या मीही घेतल्या. सोबत रोज 20 पानं. सुरुवातीला एकच पान तीनतीनदा वाचायचे, तरी डोक्यात काही शिरायचं नाही. मग हळूहळू शिरू लागलं.

तेव्हा आपली शनिवारची पुस्तकपेटी आठवली. बाई, तुम्ही रांगेतल्या प्रत्येकीच्या हातात वेगळं पुस्तक ठेवायचात. कुणाला कोणतं, हे कसं ठरवायचात? संमेलनात भेटलात की विचारणार आहे.