शिक्षकांची शाळा

इतिहास शिकविणाऱ्याने स्वतः इतिहास कोठे शिकावा, हा प्रश्न कोणत्याही देशाला चुकलेला नाही. अमेरिकेत २००१ साली बारावीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय चाचणी झाली, तेव्हा शेकडा ५७ विद्यार्थी स्वदेशाच्या इतिहासात प्राथमिक पातळीही गाठू शकले नाहीत. दोष केवळ मुलांचा नव्हता. त्यांना शिकविणाऱ्या अनेकांनी त्या विषयाचे उच्च शिक्षण घेतलेले नव्हते.

त्याच वर्षी सीनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारची एक अनुदानयोजना सुरू झाली. अनुदान शालेय मंडळांना मिळे. परंतु त्यांनी एखादे विद्यापीठ, ग्रंथालय वा वस्तुसंग्रहालय सोबतीस घेतले पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे शिक्षक पुन्हा बाकावर बसले व इतिहासज्ञांसमवेत मूळ कागदपत्रे वाचू लागले.

या वाचनाने काय साधते? लिंकनने १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलामांना मुक्त केले, असे एका वाक्यात सांगून आपण मोकळे होतो. मूळ जाहीरनामा हाती घेतला म्हणजे दिसते, की तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता. संघराज्यात राहिलेल्या केंटकी व डेलावेअर या राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. देशभरची गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. असे का घडले, हा प्रश्न आधी शिक्षकाच्या मनात उठावा लागतो. मूळ मिसल न पाहता गोषवाऱ्यावर शेरा मारण्याचे परिणाम आमच्या अधिकारी वाचकांस सांगावयास नकोत.

योजनेचा जनकही इतिहासाच्या कसोटीतून सुटला नव्हता. तरुणपणी बर्ड कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचे सभासद होते. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध ते सीनेटमध्ये १४ तासांहून अधिक काळ बोलत राहिले. पुढे या दोन्ही चुका त्यांनी जाहीरपणे मान्य केल्या.

२०१० मध्ये त्यांचे निधन झाले, आणि २०१२ च्या अंदाजपत्रकात योजनेला निधी उरला नाही. तोवर तिच्यावर एक अब्ज डॉलरांच्या आसपास खर्च झाला होता. ज्या शिक्षकाने एकदा मूळ कागद वाचला, तो पुढे वीस-पंचवीस वर्षे शेकडो मुलांसमोर उभा राहणार असतो. त्याच्या शिक्षणाची तरतूद एका माणसाच्या आग्रहावर सोडणे कोणत्याही राष्ट्राला परवडणारे नाही.