वाकळेचं कापड

वाकळेत काय असतं, असं विचारलं की शहरातली माणसं "चिंध्या" म्हणून मोकळी होतात. चिंध्या असतात, पण आत. वाकळ उभी राहते ती लुगड्यावर आणि धोतरावर. तेही सुती, विरळ विणीचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं पाहिजे.

हे कापड आधी गावोगावच्या कोष्टी-साळ्यांच्या हातमागावरचं असायचं. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. मग हळूहळू गिरणीचं धोतर नि मांजरपाट आठवड्याच्या बाजारात दिसू लागलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं यंत्रमागावरची लुगडीही आली. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेना झालं, तेव्हा १९४३ साली सरकारनं त्यावर नियंत्रण आणलं. माझी आजी मरेपर्यंत त्या काळाला "कंट्रोल" म्हणायची. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि धड तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं नेसायला लाज नव्हती. तेही पार विरलं, म्हणजे मग वाकळेची पाळी.

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगड्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांबी येते, उंच गड्याचे पायसुद्धा झाकतात. पन्ना मात्र कमी पडतो, म्हणून शेजारी दुसरं लुगडं किंवा धोतर लागतं. आई अंगणात कापड पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची, मध्ये जुने सदरे, टापरं उसवून अंथरायची आणि कडेनं टाके घालत घालत आत यायची. दोरा विकतचा नसायचा, मैद्याच्या पोत्याची शिवण उसवून तो काढायचा. लाल लुगड्याचा काठ कुठं यावा, निळा तुकडा कुठल्या कोपऱ्यात बसवावा, यावर तिचं नि चुलतीचं चांगलं भांडण व्हायचं. याला नुसती काटकसर म्हणणाऱ्याला मी तरी मानत नाही. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडं सिद्दी बायकाही असंच कडेकडनं आत शिवत येतात आणि कोपऱ्याला कापडाची फुलं लावतात.

"सुई शिरंल तेच कापड वाकळंला," आई म्हणायची. विरळ विणीत सुई दोन धाग्यांच्या मधनं जाते, धागा तुटत नाही. घट्ट विणीत ती धागा फोडून जाते, आणि सहा-सात पदर असले की बोटं सोलतात. शिवाय मऊ पदरांमध्ये हवा धरून राहते, ऊब तिचीच. घाम सूत पितं. दसऱ्याच्या आधी ओढ्यावर वाकळा धुवायला न्यायच्या, तर ओली वाकळ उचलायला दोघं लागायची, इतकं पाणी ती प्यायची.

मग टेरिलीन आलं. सत्तरीच्या दशकात आमच्याकडं लग्नाचा आहेरच टेरिकॉटचा असायचा. फाटायचं नाही म्हणून सगळे खूष होते. पण त्याची वाकळ होईना. सुई सरकते, पदर एकमेकांवर ठरत नाहीत, पावसाळ्यात अंगाला चिकटतं.

धाकटे चुलते परळला गिरणीत होते. शिमग्याला येताना गिरणीच्या दुकानातले सुती तुकडे आणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. चुलते वर्षभर वाट बघून गावाकडं आले ते कायमचेच, भाकरीचीच पंचाईत झाली. तुकडे बंद झाले हे त्यात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आईच्या आलं.

आता पुण्यात प्रदर्शनात गोधडी भिंतीवर टांगतात. मी पाहिली एक. टाके सुबक, किंमत पाच आकडी. चिठ्ठीवर दुकानाचं नाव होतं, शिवणारीचं नव्हतं. विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, गावाकडच्या बायका करतात." गावाकडच्या बायका खऱ्या, पण त्यातली कोण? आईनं वेगळ्या रंगाचा एक टाका तरी ओळखीला ठेवला असता.

आईच्या ट्रंकेत दोन सुती लुगडी राहिलीत. सुनेला सातवा महिना आहे. बाळाच्या दुपट्याला एक घ्यावं असं आमच्या घरात म्हणतात. बहीण म्हणते, "दादा, आईची आठवण हाय, हात लावू नका." मी बहिणीला सांगितलं, घडी घालून ठेवलेलं सूत घडीवरच विरतं, ट्रंक उघडून बघ. तिनं बघितलं. दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच सुई घेऊन आली.